कारखाना गेला; मैदान कुणाचे?

कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालेली गाडी शहाडनंतर आंबिवलीला थांबते. स्थानकाजवळच्या मोहने गावातला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना ही या भागाची कित्येक वर्षांची ओळख. पूर्ण नाव कुणी घेत नसे; सगळ्यांच्या तोंडी 'एनआरसी'. उल्हास नदीच्या काठी रेयॉनचा धागा निघत होता आणि त्या धाग्याला कामगारांची वसाहत, शाळा, बाजार असा सगळा संसार बांधलेला होता. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली, वसाहत रिकामी होत गेली आणि जागा पुढे दुसऱ्या उद्योगसमूहाच्या हाती गेली.

अशा जागेविषयी बोलायचे तर आधी कामगारांच्या देण्यांविषयीच बोलायला हवे, यात शंका नाही. परंतु कारखान्याबरोबर आणखीही एक गोष्ट जाते आणि तिची नोंद कोणत्याच ताळेबंदात सापडत नाही. ती म्हणजे संध्याकाळी पोरांनी खेळायची जागा. कारखाना, वसाहत, शाळा आणि मैदान ही चौकट आपल्याकडे ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत सर्वांच्या परिचयाची. यातली पहिली गोष्ट गेली की चौथीचे काय होते, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ आपला नाही. ज्या देशाने जगाला कारखाना आणि फुटबॉल या दोन्ही गोष्टी दिल्या, त्या ब्रिटनमध्ये तो आपल्या आधी पडला. तिथे कापडगिरण्यांतील कामगारांना १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोननंतर सुटी मिळू लागली. हातात मोकळी दुपार आली आणि तिच्यात फुटबॉल येऊन बसला. शनिवारी दुपारी तीनला सामना सुरू करण्याची तिथली प्रथा या भोंग्याच्या हिशेबातून आली आहे.

आज आपली मुले ज्या क्लबांचे शर्ट घालून गल्लीत मिरवतात, त्या क्लबांची कुंडली पाहावी. मँचेस्टर युनायटेड हा मुळात न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातील कामगारांनी १८७८ मध्ये काढलेला संघ. आर्सेनल म्हणजे वुलिच येथील सरकारी दारूगोळा कारखान्यातील कामगारांचा, १८८६ चा. वेस्ट हॅमचा जन्म टेम्स नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यात, १८९५ मधला; त्याच्या बोधचिन्हावरचे दोन हातोडे कारखान्यात रिवेट ठोकणारे हातोडे आहेत. गंमत अशी, की तो टेम्स आयर्नवर्क्स कारखाना १९१२ मध्येच बंद झाला. हातोडे मात्र अजून शर्टावर आहेत! कारखाना मेला आणि संघ जगला, कारण १९०० मध्येच संघाने कारखान्याचे नाव सोडून वस्तीचे नाव घेतले होते.

मैदानांचे नशीब मात्र संघांइतके बलवत्तर निघाले नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तिने एकूण ९७ बळी घेतले. त्यानंतर १९९० मध्ये आलेल्या टेलर अहवालाने वरच्या श्रेणीच्या मैदानांवर उभे राहून सामना पाहण्याच्या पायऱ्या काढून सर्वांना बसायला खुर्च्या द्याव्यात, असे सांगितले. चाळींसारख्या दाट घरांमध्ये अडकलेल्या जुन्या मैदानांना हा बदल पेलणे कठीण होते. शिवाय शहरातल्या जमिनीचे भाव वाढलेले. मग एकेक क्लब जुनी जागा विकून गावाबाहेर किंवा बंद पडलेल्या कारखान्यांच्या, गोद्यांच्या जमिनीवर नवे स्टेडियम बांधू लागला. मिडल्सब्रोचे एअरसम पार्क १९९५ मध्ये गेले, संडरलंडचे रोकर पार्क १९९७ मध्ये, मँचेस्टर सिटीचे मेन रोड २००३ मध्ये, आर्सेनलचे हायबरी २००६ मध्ये आणि वेस्ट हॅमचे अप्टन पार्क २०१६ मध्ये.

ती माणसे आपल्या मैदानांवर किती जीव टाकतात, हे ती मैदाने गेल्यानंतर दिसते. रोकर पार्कच्या जागी घरे झाली. पण तिथल्या रस्त्यांना 'मिडफील्ड ड्राइव्ह', 'प्रमोशन क्लोज', 'टर्नस्टाइल म्यूज' अशी नावे आहेत. हायबरीत सदनिका झाल्या. पण जिथे हिरवळीवर खेळ चाले तिथे इमारत न उठवता बाग ठेवली आणि पूर्वेकडच्या प्रेक्षागृहाचा देखणा दर्शनी भाग राखला. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाच्या पाक डू इकने एअरसम पार्कवर गोल मारून बलाढ्य इटलीला घरी पाठवले होते. आज तिथे घरे आहेत आणि तो गोल जिथून मारला गेला, त्या जागी एका घराच्या अंगणात बुटाच्या खिळ्यांचा कांस्याचा ठसा बसवलेला आहे. ग्लासगोचा थर्ड लॅनार्क हा जुना क्लब १९६७ मध्ये दिवाळखोरीत बुडाला. त्याचे कॅथकिन पार्क आता सार्वजनिक उद्यान आहे. झाडांनी वेढलेल्या जुन्या पायऱ्या अजून जागेवर आहेत आणि मधल्या मैदानात आजही चेंडू उडतो. क्लब नाही, तिकीट नाही, खेळ आहे.

अर्थात या आठवणींच्या गोडव्यात एक कडू घोटही आहे. ती मैदाने 'सगळ्यांची' होती, हे अर्धसत्य. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत कामाला आलेल्या बायकांनी आपले फुटबॉल संघ काढले. प्रेस्टनच्या 'डिक, कर' कारखान्यातील मुलींचा सामना पाहायला डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३ हजार लोक आले. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली. ती पन्नास वर्षे टिकली. काळाचा न्याय असा, की एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५ मध्ये गुडिसन पार्क सोडून नव्या स्टेडियमात गेला आणि ते १८९२ चे जुने मैदान पाडले न जाता त्याच क्लबच्या महिला संघाकडे आले.

मैदान कुणाचे, हा प्रश्न मुंबईनेही फार पूर्वी विचारला होता. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत आणि गोरे साहेब त्याच जागेवर पोलोची घोडी दौडवत. टापांनी जमीन उखणली जाई आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे. १८८१ मध्ये या खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. साहेबांना जिमखान्याची स्वतंत्र जागा होतीच. मग आमच्या जागेवर घोडी कशाला, एवढाच साधा सवाल होता. हा झगडा वर्षानुवर्षे चालला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी त्याचा सगळा इतिहास १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापून ठेवला. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हलवर रविवारी जी गर्दी उसळते, तिच्या मागे अशा अर्जांची पुण्याई आहे.

याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाला कूपरेज. पिंपे बनवणाऱ्या कारागिरांच्या जागेवरून हे नाव पडले. म्हणजे मुंबईच्या फुटबॉलच्या घराचे नावसुद्धा एका हरवलेल्या कारखान्याचे! १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा आणि कूपरेज ही जोडी कित्येक पिढ्यांच्या मनात पक्की बसली. सुरुवातीची वर्षे गोऱ्या पलटणींची. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि हरला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने चषक जिंकून पलटणींची मक्तेदारी मोडली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो कुणाला हातच लावू दिला नाही. १९५८ मध्ये कॅलटेक्स या तेल कंपनीच्या मुंबईतील संघाने तो जिंकला आणि शहराची मान उंचावली.

तेल कंपनीचा संघ, हे आजच्या मुलांना नवल वाटेल. पण मुंबईचे फुटबॉल अशाच संघांवर उभे होते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, मध्य आणि पश्चिम रेल्वे ही नावे वाचली तर औद्योगिक प्रदर्शनाची यादी वाटावी. या व्यवस्थेने खूप दिले. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळे. सकाळी सराव, दुपारी हजेरीपट, महिन्याला पगार. लग्नाच्या बाजारात 'मुलगा फुटबॉल खेळतो' यापुढे 'कायम आहे' हे शब्द जोडता येत आणि मुलीचा बाप निश्चिंत होई.

पण या झाडाची मुळे मातीत नव्हती, कुंडीत होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा कणा मोडला. कंपन्यांचे हिशेब बदलले, खेळाडूंची भरती आटली. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर थांबला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. संघ चांगला खेळत होता की वाईट, हा मुद्दाच नव्हता. तो ज्यांचा होता त्यांनी तो मिटवला. आणि पाठीराख्यांना दाद मागायला दार नव्हते. लंडनमध्ये कारखाना बुडाल्यावर संघ उरला. मुंबईत कंपनी भरभराटीत असूनही संघ उरला नाही. फरक पैशाचा नाही. एका ठिकाणी संघाच्या नावात वस्ती होती, दुसऱ्या ठिकाणी कंपनी.

हे महाराष्ट्रात घडूच शकत नाही, असे कुणी म्हणेल तर त्याने कोल्हापूरला जावे. तिथे फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या संघांची नावे. कुस्तीच्या तालमींनी चेंडू आपला मानला आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ आपल्या रंगाचे झेंडे घेऊन तिथे जाते. प्रसंगी ही ईर्ष्या हमरीतुमरीवर येते, हेही खरे. पण कोणत्याही कचेरीतले एक पत्र या संघांना बंद करू शकत नाही. याच कोल्हापूरच्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आता पुन्हा कल्याण-डोंबिवलीकडे वळू. आपल्याकडे मैदाने नाहीत असे नाही. ती कशासाठी आहेत, याचा विसर पडला आहे. कल्याणचे सुभाष मैदान किंवा फडके मैदान म्हटले की अनेकांना आधी सभा आठवते. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलाचे नाव काढले की प्रदर्शने आणि महोत्सव आठवतात. मांडव उतरतो, पण खुंट्यांची भोके आणि विखुरलेले खिळे मागे राहतात आणि पोरे अनवाणी उतरायला धजत नाहीत. १८८१ मध्ये घोड्यांच्या टापा होत्या, आज मांडवाचे खांब आहेत, तक्रार तीच.

आंबिवली-मोहन्यासारख्या ठिकाणी तर प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. कारखान्याच्या आवारातली मोकळी जागा कारखान्याच्या मालकीची. तिथे खेळायची मुभा ही सवलत होती, हक्क नव्हता. धुराडे चालू होते तोवर हा फरक कुणाला जाणवला नाही. फाटकाला कुलूप लागले तेव्हा तो एका दिवसात कळला.

म्हणून नुसते हळहळून भागणार नाही. सवलतीचा हक्क कसा होतो, याचा मार्ग कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा विकास आराखडा तयार होतो आणि त्यात खेळाच्या मैदानासाठी जागा आरक्षित करता येते. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत नागरिकांना हरकती आणि सूचना देता येतात. जाड कागदावरचे ते नकाशे पाहायला जातो कोण? ज्यांचा जमिनीशी व्यवहार आहे ते जातात. ज्यांचा खेळाशी आहे ते जात नाहीत. वसाहतीतल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी, मंडळांनी, महिला मंडळांनी एकदा तो नकाशा पसरून आपल्या भागात हिरवा तुकडा कुठे आहे, केवढा आहे, त्यावर आज काय उभे आहे, हे बोट ठेवून पाहावे. जुन्या मैदानांचे फोटो, सामन्यांच्या पत्रिका, पेल्यांवर कोरलेली वर्षे, निवृत्त कामगारांच्या आठवणी गोळा कराव्यात. अर्जाला जोडायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आणि मैदान मिळाले तर ते केवळ कुंपण घालून कुलूपबंद ठेवण्यासाठी नसावे. त्याला वस्तीचे नाव हवे, वस्तीचा संघ हवा आणि त्या संघात मुलींनाही जागा हवी. कारखाने येतात आणि जातात. रेयॉनच्या धाग्यालाही त्याचा काळ होता. पण दर संध्याकाळी पाच वाजता घरोघरची मुले चपला काढून कुठेतरी धावायला निघणारच. त्यांना 'इथे खेळू नका' असे सांगायचा अधिकार कुणाला असू नये, अशी एक तरी जागा प्रत्येक गावाच्या नकाशावर असायला हवी.