नारळ, सळया आणि ठाकुर्लीचा कातळ

ठाकुर्ली-डोंबिवलीकडच्या एखाद्या सोसायटीत बोअर मारायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती पाणाड्याची. तळहातावर नारळ ठेवून तो आवारात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची फुली पडते आणि दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी येते. शंभर फुटांवर करडी धूळ उडते, दोनशे फुटांवरही तीच. बिल मात्र फुटावर होतं, पाण्यावर नाही.

पाऊस कमी म्हणून असं होतं, असं समजायचं कारण नाही. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी भातसा, तानसासारखी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर धावतात. गोम खडकात आहे. राज्याचा 80 टक्क्यांहून अधिक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचा आहे. घट्ट काळ्या कातळात पाण्याला जागाच नसते. ते सापडतं वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या कुजलेल्या, छिद्राछिद्रांच्या थरात. तिथेही हजार लिटर आकाराच्या भिजलेल्या खडकातून हाती लागतं ते साधारण दहा ते तीस लिटर पाणी.

हे थर वरून ओळखायची जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे विद्युत-रोधकतेची चाचणी. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी 1912च्या सुमारास तिचे प्रयोग सुरू केले. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक ती वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. एका रेषेत चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधला दाब मोजायचा. जमीन फार सुकी असेल तर सळईच्या बुंध्याशी मिठाचं पाणी ओततात, म्हणजे वीज नीट उतरते. मग बाहेरच्या सळया दूर दूर नेत पुन्हा मोजायचं. अंतर वाढेल तशी वीज खोल जाते. कोरडा कातळ विजेला अडवतो, त्याचे आकडे शेकड्यांत किंवा हजारांत येतात. भिजलेला मुरूम वीस ते पन्नास ओहम-मीटरच्या घरात असतो. आलेखाची रेघ मध्येच वाटीसारखी खाली बसून पुन्हा चढली, तर त्या खोलीवर बोअर मारून बघण्यात अर्थ आहे.

पण यंत्राला पाणी दिसत नाही, दिसतो तो फक्त रोध. चिकणमाती, दोन लाव्हा थरांमधला गेरूसारखा तांबडा पट्टा आणि खाडीचं मचूळ पाणी, तिघांचेही आकडे कमीच येतात. ठाकुर्लीच्या उत्तरेला उल्हासची खाडी आहे, त्यामुळे इथे नुसता कमी आकडा बघून खूश होणं धोक्याचं. आजूबाजूच्या जुन्या विहिरींचं पाणी चाखून, त्यांच्या काठावर उघडे पडलेले थर बघून मगच आलेख वाचायचा असतो. चांगला भूवैज्ञानिक आधी विहिरीत डोकावतो, मग यंत्र उघडतो.

शहरात दुसरीच पंचाईत. साठ मीटर खोलीचा अंदाज घ्यायचा तर दोनशे मीटर किंवा त्याहून लांब तार सरळ रेषेत पसरावी लागते. इमारतींच्या दाटीत एवढी मोकळी जागा आणायची कुठून? मिळालीच तर खालून जलवाहिनी, विजेची केबल, शेजारी रेल्वेचे रूळ. लोखंड सापडलं की वीज खडक सोडून तिकडे पळते. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरच्या उपनगरी गाड्या 2015पर्यंत टप्प्याटप्प्याने 1500 व्होल्टच्या डीसीवरून 25 हजार व्होल्टच्या एसीवर आल्या. डीसीच्या काळात रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह मोजणीत हमखास घुसायचा. त्याचा त्रास आता कमी झाला असला, तरी रुळांचं लोखंड तिथेच आहे.

या भागातल्या कातळात उभ्या भिंतींसारख्या घुसलेल्या लाव्हाच्या शिरा, म्हणजे डाइक, शोधायला चुंबकीय मोजणी कामी येते. डाइक कुठे पाणी अडवून धरतात, तर कुठे भेगांतून वाट देतात, म्हणून त्यांची दिशा कळणं मोलाचं.

एवढं करूनही चाचणी सांगते ती जागा. पाणी किती वर्षं टिकेल हे ती सांगत नाही. ते पुनर्भरणावर ठरतं. खोल जाऊन प्रश्न सुटेल म्हणावं, तर राज्याच्या 2009च्या भूजल कायद्याने 60 मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर बंधनं घातली आहेत, आणि बेसाल्टात खोली वाढेल तशा भेगा बहुधा मिटतच जातात. तेव्हा सोसायटीने बोअरची गाडी बोलावण्याआधी सर्वेक्षणाचा अहवाल मागावा. त्यात रोधकतेचा आलेख, तार कोणत्या रेषेत पसरली त्याचा नकाशा आणि जवळच्या विहिरींच्या नोंदी हव्यात. नुसतं ‘इथे पाणी आहे’ एवढंच लिहून देणाऱ्याला पैसे देऊ नका.