पाणी पोटात बाळगणारे गार्नेट

हैदराबादेतील अफझलगंजात मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाची जुनी इमारत आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय या निजामकालीन वास्तू उभ्या आहेत. चुन्याच्या बांधकामाचा तो काळ मागे पडला आणि भोवताली सिमेंटची घरे उठली. सुरखी मिसळलेला चुना असो वा सिमेंट असो, दोहोंत कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम व सिलिकॉन असतात आणि पाण्याशी संयोग होऊनच त्यांना घट्टपणा येतो. याच घटकांपासून निसर्ग एक खनिजही घडवितो. ते म्हणजे जलयुक्त गार्नेट.

गार्नेट तेलंगणाला परके नाही. कोठागुडेमजवळील गरीबपेटचे तांबडे गार्नेट प्रसिद्ध आहे. तथापि ते लोहयुक्त असून कोरड्या जातीचे आहे. जलयुक्त गार्नेटचा मूळ पुरुष ग्रॉस्युलर हा होय. त्यात कॅल्शियमचे तीन, अ‍ॅल्युमिनियमचे दोन व सिलिकॉनचे तीन अणू अशी वाटणी असते. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार अणू बसलेले असतात. मधला सिलिकॉन नसला, तर त्याच्या चार विद्युत्भारांची भरपाई हायड्रोजनचे चार अणू करतात. प्रत्येक ऑक्सिजनला एकेक हायड्रोजन चिकटतो आणि चार हायड्रॉक्सिल तयार होतात.

म्हणजे हे पाणी ओल्या विटेतल्या पाण्यासारखे छिद्रांत साठलेले नसते. ते स्फटिकाच्या रचनेचाच भाग असते, म्हणून उन्हात वाळवून ते जात नाही. सिलिकॉन अजिबात नसलेल्या गार्नेटमधून ते बाहेर पडण्यास 300 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते.

रचना तीच राहिली तरी गुण पालटतात. ग्रॉस्युलर पाण्याच्या सुमारे 3.6 पट जड असतो, तर सिलिकॉनविरहित टोकाचे खनिज केवळ अडीच पट. स्फटिकाच्या मूळ घनाची बाजूही सुमारे सहा टक्क्यांनी वाढते. ही दोन टोके झाली. मधल्या पायऱ्यांवर दोहोंचे मिश्रण आढळते. दक्षिण आफ्रिकेतील अशाच एका हिरव्या दगडाला बाजारात ‘ट्रान्सवाल जेड’ म्हणतात. वस्तुतः तो जेड नव्हे, गार्नेटच होय.

मग वर्गीकरण कसे करावयाचे? 1943 साली न्यूझीलंडमधील खनिजाला हटन यांनी ‘हायड्रोग्रॉस्युलर’ हे नाव दिले. 1984 साली इटलीतील नमुन्यांवरून ‘काटोइट’ हे खनिज वर्णिले गेले. त्याचे नाव जपानी खनिजशास्त्रज्ञ अकिरा काटो यांच्यावरून पडले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नामपद्धतीने हा गुंता सोडविला. सिलिकॉनच्या निम्म्याहून अधिक जागा हायड्रॉक्सिलने व्यापल्या असतील, तर ते काटोइट. त्याहून कमी असतील, तर ते ग्रॉस्युलरच. हायड्रोग्रॉस्युलर ही स्वतंत्र जात नसून ग्रॉस्युलरचा पाणीदार प्रकार आहे.

हा केवळ पंडितांचा नामविचार नव्हे. बॉक्साइट व चुनखडी भाजून केलेले उच्च अ‍ॅल्युमिना सिमेंट एका दिवसात कमालीचे घट्ट होते. परंतु त्यात प्रथम बनणारी संयुगे अस्थिर असतात. ऊब आणि ओल मिळाली की त्यांचे हळूहळू काटोइटच्याच घडणीच्या गार्नेटमध्ये रूपांतर होते. नवे स्फटिक अधिक घन असल्याने कमी जागा व्यापतात. मागे पोकळ्या राहतात आणि काँक्रीट दुबळे होते. 1973 व 1974 साली लंडनमध्ये दोन शाळांची छपरे कोसळली. तपासात इतर कारणांबरोबर हेही कारण पुढे आले. सुदैवाने मुले बचावली. त्यानंतर ब्रिटनमध्ये भार पेलणाऱ्या बांधकामाच्या नियमांतून हे सिमेंट वगळण्यात आले. भट्ट्यांच्या अस्तरासाठी मात्र ते आजही उपयोगी पडते.

घरांसाठी वापरले जाणारे पोर्टलंड सिमेंट निराळे. त्याची ताकद मुख्यत्वे कॅल्शियम आणि सिलिकॉनच्या संयुगांवर अवलंबून असते, म्हणून ही भीती तेथे नाही. परंतु पहिल्या दिवशीची बळकटी ही कायमची बळकटी नव्हे, हे त्या छपरांनी शिकविले. हैदराबादसारख्या उन्हाळ्यात चाळिशी गाठणाऱ्या शहरात तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. पदार्थ आज किती कठीण आहे, एवढेच विचारून भागत नाही. उद्या त्याचे काय होणार, हेही विचारावे लागते.