थायलंड की व्हिएतनाम? आधी सुट्टी सांगा

पहिल्या परदेशवारीचा विषय निघाला की आमच्याकडे हल्ली ही दोन नावं हमखास येतात. परवा साताऱ्याला बहिणीकडे गेले, तर तिचा मुलगा दोन्हीकडच्या टूरची पत्रकं समोर पसरून बसला होता. "मावशी, यातलं भारी कुठलं?" मी विचारलं, "सुट्टी दिवाळीची आहे की मे महिन्यातली?" त्याला वाटलं, मी विषय बदलला. पण निवड खरी तिथेच होते. बाकी जे ठामपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं आणि काही तर साफ चुकीचं.

"पाऊस तिकडेही आपल्यासारखाच, जून ते सप्टेंबर."

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. गणपती गेले, पाऊस ओसरला, आता दिवाळीत निवांत फिरू, असं म्हणून लोक मध्य व्हिएतनामची तिकिटं काढतात. दा नांग, होई आन, हुए या पट्ट्यात वर्षातला सर्वांत जास्त पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पडतो.

याचं कारण सातारा-सांगलीच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. महाबळेश्वर धो-धो भिजतं आणि त्याच जिल्ह्यातले माण-खटाव टँकरची वाट पाहतात. शिराळ्यात चिखल असतो तेव्हा जत-आटपाडीत धूळ उडत असते. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री अडवतो, पलीकडे कोरडा वारा उतरतो. व्हिएतनाममध्ये हेच चित्र उलटं होतं. तिथे समुद्र पूर्वेला आणि त्रुओंग सोन ही डोंगररांग पश्चिमेला, लाओसच्या सीमेवर. जून ते ऑगस्टमध्ये नैऋत्येचा वारा आपलं पाणी लाओसच्या बाजूला ओततो आणि डोंगर उतरून तापलेला, कोरडा होऊन किनाऱ्यावर येतो. म्हणजे आपल्याकडे आषाढ असताना दा नांग हे त्या डोंगराचं माण-खटाव असतं. सप्टेंबरनंतर वारा फिरतो, ईशान्येकडून समुद्रावरून येतो आणि तीच रांग त्याला अडवते. मग दा नांगचं महाबळेश्वर होतं.

२०२५ साली दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हा होई आनच्या जुन्या पेठेत थू बोन नदीचं पाणी शिरलं. कंदिलांच्या ज्या गल्ल्या आपण फोटोत पाहतो, तिथून होड्या फिरत होत्या. त्या पेठेतल्या तान की नावाच्या जुन्या व्यापारी घरात भिंतीवर कोणत्या वर्षी पाणी कुठवर आलं याच्या खुणा करून ठेवल्या आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे हे विचारत ज्यांनी २०१९ च्या पुराचा ऑगस्ट काढला, त्यांना त्या खुणा वाचायला दुभाषा नको. पण पूर बघायला कोणी सुट्टी घेऊन जात नाही.

थायलंडलाही दोन किनारे आहेत. फुकेत, क्राबी हा अंदमान समुद्राचा किनारा बराचसा आपल्या कोकणासारखा वागतो. मे ते ऑक्टोबर पाऊस, खवळलेली लाट, किनाऱ्यावर लाल बावटा. पलीकडे आखातातल्या कोह सामुईला मात्र पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर भिजवतो. बँकॉक आणि चियांग माईकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते.

म्हणून माझं मत सरळ आहे. दिवाळीची सुट्टी असेल तर थायलंड, तेही बँकॉक आणि उत्तरेकडचा भाग. दिवाळी नोव्हेंबरात आली तर फारच उत्तम. मे महिना असेल तर दा नांग-होई आन. ऊन लागेल, पण सांगलीचा मे काढणाऱ्याला त्याचं नवल नाही, आणि समुद्र शांत मिळतो. नाताळात जायचं तर दोन्ही देश चालतील. फक्त हनोईला तेव्हा गारठा असतो, आईसाठी स्वेटर घ्या.

"व्हिएतनाम एवढासा देश, आठवड्यात अख्खा होतो."

नकाशावर तो बारीक दिसतो, पण उंच आहे. हनोई ते हो ची मिन्ह शहर हा लोहमार्ग १७२६ किलोमीटरचा आहे. मुंबई-दिल्ली राजधानी १३८४ किलोमीटर धावते, यावरून अंदाज घ्या. सात दिवसांत उत्तर, मध्य, दक्षिण असं तिन्ही दाखवणारी पत्रकं पाहिली की मला त्यात फक्त विमानतळ दिसतात. एक भाग धरा. हा लाँग उपसागर पाहायचा तर हनोईत राहा, होई आन पाहायचं तर दा नांगला उतरा.

अंतराच्या बाबतीत दुसरा उलटा समज असतो, की हे देश फार लांब आहेत. मुंबई ते बँकॉक विमान सव्वाचार तासांच्या आसपास घेतं. सांगलीहून मुंबईचा विमानतळ गाठायला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ जातो.

"थायलंडला सहकुटुंब? लोक काय म्हणतील!"

हे वाक्य मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ऐकताना वाईट वाटलं आहे. काही शहरांतल्या काही रस्त्यांमुळे एका अख्ख्या देशाला नाव ठेवलं जातं, आणि घरातल्या बायका-मुलांची सहल त्यापायी हुकते. हा रोज सकाळी भिक्खूंना भिक्षा वाढणारा देश आहे. तिथले राजे राम हे नाव लावतात, आताचे दहावे राम. बँकॉकच्या राजवाड्यातल्या वाट फ्रा केओ मंदिराच्या ओवऱ्यांत त्यांचं रामायण, रामाकियेन, भिंतभर रंगवलेलं आहे. लंका, हनुमान, सेतू, सगळं आजीआजोबा नातवंडांना बोट दाखवून सांगू शकतात. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. नियम आपल्या देवळांहून कडक आहे.

बँकॉकच्या उत्तरेला ऐंशी किलोमीटरवर अयुथया आहे. नाव अयोध्येवरून. चार शतकं राजधानी होती, १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने ती जाळली. आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते. वाट महाथात इथे वृक्षाच्या मुळांनी कवळून धरलेलं बुद्धाचं शिर आहे. फोटो काढताना त्याच्यापेक्षा खाली बसायचं, उभं राहायचं नाही. आमच्या पिढीला हे वेगळं शिकवावं लागत नाही, पोरांना आधी सांगून ठेवा.

"आई दहावी नापास, तिच्या पासपोर्टवर ईसीआर. थायलंडला सोडणार नाहीत."

यापायी लोकांनी आईला घरी ठेवल्याचं मी पाहिलं आहे. ईसीआर म्हणजे देश सोडण्याआधी सरकारी परवानगी घेण्याची अट; ती अठरा ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून. थायलंड त्या यादीत आहे, व्हिएतनाम नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. फिरायला जाणाऱ्याला ती परवानगी लागत नाही. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्यांना ही अटच नाही. पासपोर्टसाठी पुण्याला खेटे घालावे लागतात, हेही जुनं झालं. सातारा आणि सांगली दोन्हीकडे टपाल खात्याच्या जागेत पासपोर्ट सेवा केंद्र आहे. प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने मुदत शिल्लक हवी. मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचाच असतो, तो आधी काढून बघा.

व्हिसाचं असं. थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी ६० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला. अशा सवलती बदलतात, तिकिटाआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा. आणि व्हिसा नाही म्हणजे कागद नाही, असं नव्हे. १ मे २०२५ पासून पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे; पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा. व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो, एकवेळच्या प्रवेशाला २५ डॉलर. त्यात नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहायचं. लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे, असं आपल्या घरांत फार असतं.

"एका रुपयाला तीनशे डोंग, म्हणजे व्हिएतनाम फुकटात."

शून्यं जास्त आहेत, एवढंच. फो या नूडल सूपची वाटी ५० हजार डोंगला, म्हणजे आपले पावणेदोनशे रुपये. बाथ अडीच-तीन रुपयांना पडतो म्हणून थायलंड महाग, हेही तितकंच पोकळ. आठवड्याचं जेवण-राहणं दोन्हीकडे फार वेगळं पडत नाही, खरा फरक विमानाच्या तिकिटात पडतो. डोंगच्या २० हजारांच्या आणि ५ लाखांच्या नोटा दोन्ही निळसर असतात. रिक्षावाल्याला सत्तर रुपयांऐवजी सतराशे देऊ नका. टूरवाल्याने पॅकेजवर घेतलेला टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बुडत नाही, विवरणपत्रात तो जमा धरला जातो.

"शाकाहारी माणसाने जायचंच नाही."

सांगलीतल्या जैन मैत्रिणी मला हे विचारतात, आणि त्यांच्याचसाठी माझ्याकडे सगळ्यात चांगली बातमी आहे. थायलंडमध्ये 'जे' नावाचं जेवण मिळतं. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं, ती दिसली की आत जा. त्यात मांस, मासे, अंडी नाहीत, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. व्हिएतनाममध्ये पाटीवर 'चाय' शब्द शोधायचा. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथली अनेक घरं आपल्या एकादशीसारखं सामिष टाळतात. कंदमुळांचा नियम मात्र त्यांना ठाऊक नाही, बटाटा-मुळा विचारून घ्या. आणि साध्या हॉटेलात "भाजी" म्हणून जे येतं, त्यात माशाचं पाणी असतंच असं धरून चाला. बान्ह शेओ नावाचं तांदळाच्या पिठाचं धिरडं व्हिएतनाममध्ये मिळतं, हळदीने पिवळंधमक. हळदीच्या सांगलीतल्या माणसाने ते 'चाय' दुकानात एकदा खाऊन पाहावं.

"हो ची मिन्ह यांच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा मावळा' असं लिहिलंय."

हा संदेश न आलेला फोन साताऱ्यात सापडणार नाही. त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी रायगडाची माती नेली, असंही त्यात असतं. ज्या प्रेमाने तो पाठवला जातो ते प्रेम माझ्याही मनात आहे, म्हणूनच स्पष्ट सांगते, हे खरं नाही. हनोईच्या बा दिन्ह चौकात १९७५ मध्ये खुल्या झालेल्या त्या वास्तूत हो ची मिन्ह यांचा देह काचेत जपून ठेवला आहे. दर्शनी भागावर एवढंच कोरलं आहे: अध्यक्ष हो ची मिन्ह. रांगेतून जाणारा कोणीही ते पाहू शकतो. महाराजांना मोठं करायला परक्या देशातलं खोटं प्रमाणपत्र लागत नाही. प्रतापगड सातारा जिल्ह्यातच उभा आहे.

आणि त्यांचाही इतिहास त्यांचाच आहे. १२८८ मध्ये, महाराजांच्या जन्माच्या जवळपास साडेतीनशे वर्षं आधी, त्रान हुंग दाओने बाख डांग नदीत टोकदार खांब रोवले, भरतीत मंगोल जहाजं आत ओढली आणि ओहोटी लागताच ती खांबांवर फोडली. जावळीच्या रानाने अफझलखानाचं जे केलं, ते तिथे पाण्याने केलं. मुलांना ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

आपलं खरं नातं पाहायचं तर होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर मी सन नावाचं ठिकाण आहे. चाम राजांनी चौथ्या शतकापासून पुढे उभारलेली शिवमंदिरं, आज दिसतात ती विटांची. राजा भद्रवर्मन, म्हणून देव भद्रेश्वर. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बनी त्यातलं सर्वांत उंच शिखर पाडलं. आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिथे दुरुस्ती करत असताना २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. तिथे सकाळी लवकर जा, नंतर विटा तापतात. परतताना दा नांगच्या चाम शिल्पांच्या संग्रहालयात थांबा. मी सनचा एक गणपती तिथे आहे, आपल्या देवळांत सहसा दिसतो तसा बसलेला नाही, उभा आहे. गणपतीच्या सांगलीतल्या माणसाने त्याच्यासमोर थोडा वेळ काढावा.