परस्परसंवादी आर्थिक डॅशबोर्ड

परस्परसंवादी आर्थिक डॅशबोर्ड म्हणजे आर्थिक प्रारूपातील गृहीतके आणि त्यांवरून निघणारे निष्कर्ष तक्ते व आलेखांच्या रूपाने एकाच पडद्यावर मांडणारे संगणकीय साधन होय. मूळ सूत्रांना हात न लावता गृहीतके बदलून परिणाम पाहता येणे, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

स्वरूप

आर्थिक प्रारूपात गृहीतके, सूत्रे आणि निष्कर्ष असे तीन भाग असतात. १९७९ मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्क या आज्ञावलीमुळे वैयक्तिक संगणकावर अशी प्रारूपे करणे सुलभ झाले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलू लागले. मात्र फाइलच्या प्रती अनेकांकडे गेल्या की अद्ययावत प्रत कोणती, हे कळेनासे होते. सामाईक डॅशबोर्डवर सर्वांना एकच प्रारूप दिसते. यासाठी एक्सेल, पॉवर बीआय, टॅब्लो इत्यादी आज्ञावली वापरल्या जातात.

ग्रामपंचायतीचे उदाहरण

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील केळझरसारख्या गावात ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक हे या प्रकारच्या प्रारूपाचे जवळचे उदाहरण ठरते. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीची घरपट्टीची मागणी १० लाख रुपये आहे. वसुली ९० टक्के धरल्यास ९ लाख रुपये जमा होतात. ती ६० टक्के झाल्यास ३ लाखांची तूट येते. ही तूट वित्त आयोगाच्या निधीतून भरून काढता येईलच असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी सुचवलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी बंधित ठेवण्यात आला होता. उरलेला अबंधित भागही वेतन व आस्थापना खर्चासाठी वापरता येत नव्हता. हे नियम प्रारूपात अंतर्भूत असतील, तर वसुली घटल्यास कोणता खर्च अडेल, हे ग्रामसभेतील नागरिकांनाही समजू शकते.

केंद्र शासनाच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर (आरंभ : २४ एप्रिल २०२०) ग्रामपंचायतींचे विकास आराखडे आणि जमाखर्च पाहता येतात. ते नियोजित व झालेल्या व्यवहारांचे विवरण आहे. ‘वसुली घटली तर काय?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रारूपातूनच मिळते.

मर्यादा

आकर्षक आलेखामागे चुकीचे सूत्र दडलेले असू शकते. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सार्वजनिक कर्ज व आर्थिक वाढ यांच्या संबंधावर प्रबंध प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांची मूळ फाइल पाहावयास मिळाली, तेव्हा सरासरीच्या एका सूत्रातून पाच देश वगळले गेल्याचे आढळले. लेखकांनी ही चूक मान्य केली. केवळ आलेख पाहून ती सापडणे कठीण होते. त्यामुळे डॅशबोर्डसोबत गृहीतके, माहितीचा स्रोत, अद्ययावत केल्याची तारीख आणि मूळ सूत्रे उपलब्ध असणे आवश्यक मानले जाते.