सात सेकंदांचा खेळ

चेंडू हाती आला की सात सेकंदांच्या आत बास्केटकडे फेकायचा, हा अमेरिकी प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांचा हट्ट. त्यांच्या लोयोला मेरीमाउंटच्या मुलांनी १९८९-९० मध्ये सामन्यामागे सरासरी १२२ गुण केले. २००७ मध्ये फिनिक्सचा व्यावसायिक महिला संघही याच वेगाने अजिंक्य ठरला. मग २००९ मध्ये, सत्तरीत, ते ओरेगॉन विद्यापीठाच्या मुलींना शिकवायला गेले.

प्रतिस्पर्ध्याने गुण केला तरी हळहळायला वेळ नाही. चेंडू लगेच आत घ्यायचा, प्रत्येकीने आपापल्या ठरलेल्या वाटेने धावत सुटायचे. बचावही पूर्ण मैदानभर. असे चाळीस मिनिटे! पाचजणींच्या बळावर हे होत नाही. दमलेलीला बसवून ताजी मुलगी उतरवावी लागते. म्हणजे वेगाचे खरे भांडवल बाकावर बसलेले असते.

पहिल्या वर्षी १८ विजय, १६ पराभव. पण २०१२-१३ मध्ये दुखापतींनी संघ पोखरला. उरलेल्या मोजक्या मुलींना तोच वेग पेलावा लागला आणि ३१ सामन्यांत विजय मिळाले फक्त ४.

पद्धत चुकीची होती, असे मला वाटत नाही. पण पाय किती उरलेत हे पाहून वेग ठरवायला हवा होता. (परीक्षेपूर्वी धडे उरकणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही हे कळते, फक्त उशिरा.)

पुढच्या वर्षी नव्या मुली आल्या. वेग कायम राहिला, ३२ पैकी १६ सामने जिंकले. त्या हंगामानंतर वेस्टहेड यांनी ओरेगॉन सोडले.