छोट्या ऑफिसचा फोन : घ्यावा कसा, सांभाळावा कुणी?

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. त्या दिवशी पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता आणि त्याच रात्री वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. आमचे तिकीट-व्हिसाचे छोटे ऑफिस बाजारपेठेत, तेही तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर उचलले, तर भिंतीवरचा इंटरकॉमचा डबा चिखलाने भरलेला. लँडलाइन मुकी झाली होती. अब्बांनी वीसेक वर्षे जपलेला, गावोगावच्या घरांत कॅलेंडरवर छापलेला नंबर वाजत होता की नाही, हेही आम्हाला कळत नव्हते.

काळही कसा होता, ते आठवून पाहा. कोविडमुळे भारतातून आखातात जाणारी बहुतेक विमाने बंद होती. सुट्टीवर आलेली कितीतरी मुले गावात अडकली होती आणि कुणाच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. पुढे एका ग्राहकाने सांगितले, "चाचा, आठ दिवस फोन लावत होतो. शेवटी मुंबईच्या एजंटकडे गेलो, दुप्पट पैसे मोजले." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आम्हाला मात्र मान वर करवेना.

त्यानंतरच्या तीन वर्षांत आम्ही ऑफिसचा फोन दोनदा बदलला. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा शिकलो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात असे एखादे छोटे ऑफिस आहे. कुणाचा दवाखाना, कुणाचे क्लासेस, कुणाची ट्रान्सपोर्ट, तर कुणाचा आंब्याचा धंदा. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव सांगतो.

पहिली चूक : घरचा नंबर पाटीवर

पुरानंतर तातडीचा उपाय म्हणून आम्ही भाभींचा मोबाइल नंबर पाटीवर लिहिला. हिशेब आणि फॉर्म त्याच पाहतात, म्हणून ते सोयीचे वाटले. दोन महिन्यांत त्रास सुरू झाला. रात्री अकराला फोन, अनोळखी लोकांचे व्हिडिओ कॉल, नको ते मेसेज. भाभी बोलल्या नाहीत, पण फोन वाजला की त्यांचा चेहरा उतरायचा. अखेर त्यांनी सिमच बदलले. मग माहेरची माणसे, मुलांची शाळा, बँक अशा सगळ्यांना नवा नंबर कळवत बसावे लागले.

धंद्याचा नंबर आणि घरच्या बाईचा नंबर वेगळा असला पाहिजे, ही साधी गोष्ट आम्हाला त्यांच्या त्रासातून कळली.

दुसरी चूक : नंबर दुसऱ्याच्या नावावर

मग एका कंपनीचा माणूस आला. इंटरनेटवरचा फोन, गोड आवाजातले स्वागत, 'तिकिटासाठी एक दाबा, व्हिसासाठी दोन दाबा'. आम्ही भुललो आणि वर्षाचे पैसे एकदम भरले. पुढे कळले की काहीही बदलायचे तर त्यांना ईमेल पाठवून वाट पाहायची. ईदच्या सुट्टीचा निरोप लावून मागितला, तो लागेपर्यंत ईद होऊन गेली होती. वर्ष संपताच त्यांनी दर वाढवला. सोडतो म्हटले, तर नंबर त्यांच्या नावावर! पिशव्यांवर, कॅलेंडरवर छापलेला नंबर एका दिवसात गेला.

आपल्याकडे २०११ पासून देशभर मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. लँडलाइन नंबरला ती सोय नाही. म्हणून करार करण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा : नंबर आमच्या फर्मच्या नावावर, आमच्या कागदपत्रांवर मिळणार का? आणि उद्या आम्ही सोडून गेलो तर त्याचे काय होणार? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.

हा फोन चालतो कसा?

जुन्या लँडलाइनला तांब्याची तार असायची आणि वीजही एक्स्चेंजकडूनच यायची. म्हणून घरातली लाइट गेली तरी फोन चालायचा. इंटरनेट फोनमध्ये आपल्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, ते इंटरनेटवरून जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. असा कॉल जुळवण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे तिला 'एसआयपी' म्हणतात. विकत घेताना हा शब्द कानावर पडेल, एवढ्यापुरता लक्षात ठेवा.

एका कॉलला चांगल्या आवाजासाठी दोन्ही दिशांना साधारण १०० केबीपीएस लागतात. म्हणजे पाच कॉल एकाच वेळी चालले तरी अर्धा एमबीपीएस पुरतो. तेव्हा 'मोठा प्लॅन घ्या' असे कुणी म्हटले तर घाई करू नका. स्पीडपेक्षा लाइन स्थिर असणे महत्त्वाचे. आवाज पोहोचायला एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर कानाला कळत नाही. त्यापेक्षा बराच जास्त लागला की दोघे एकदम बोलू लागतात आणि 'हॅलो, हॅलो' सुरू होते.

तीन रस्ते

पहिला रस्ता सर्वांत साधा. फायबर इंटरनेट घेताना जी पेटी भिंतीवर लागते, तिला बहुधा फोनची खाच असते. कनेक्शनसोबत लँडलाइन नंबर मिळत असेल तर साधा फोन त्यात जोडायचा, काम झाले. एक माणूस, एक टेबल असेल तर यापुढे जायची गरजच नाही.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःची यंत्रणा ऑफिसात बसवणे. 'ॲस्टेरिस्क' नावाची प्रणाली मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केली. ती मोफत आहे आणि ताकदीचीही आहे. पण तिला जाणता माणूस लागतो. तो नोकरीला पुण्याला गेला की तुमचा फोन त्याच्या सुट्टीवर अवलंबून. शिवाय आमच्यासारख्यांनी भिंतीवरचा डबा पाण्यात गेलेला पाहिलेला आहे.

तिसरा रस्ता क्लाउडचा. यंत्रणा कंपनीच्या सर्व्हरवर राहते. ऑफिसात फक्त टेबलावरचे आयपी फोन किंवा मोबाइलमधले ॲप. ऑफिस बंद पडले, पाणी भरले, तरी नंबर वाजतो आणि कॉल घरच्या मोबाइलवर वळतो. आम्ही हाच घेतला. यात दरमहा भाडे द्यावे लागते आणि कंपनी चांगली असावी लागते, हे मात्र खरे.

निवड भाभींनी केली

दुसऱ्या वेळी आम्ही जाहिराती पाहणे सोडले. आधी आठवडाभर वहीत नोंद ठेवली : किती फोन आले, कोणत्या वेळी आले, एकाच वेळी जास्तीत जास्त किती आले. आमचा आकडा तीनच्या वर गेला नाही. म्हणजे एकाच वेळी चार कॉलची सोय पुरेशी. विक्रेता दहा सांगत होता.

मग तीन कंपन्यांकडून काही दिवस वापरून पाहण्यासाठी यंत्रणा घेतल्या आणि संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या भाभींसमोर पाच कामे ठेवली :

१. शुक्रवारी दुपारी १ ते अडीच ऑफिस बंद आहे, हा निरोप लावा.
२. नव्या मुलाच्या मोबाइलवर ऑफिसचे एक्स्टेन्शन सुरू करा.
३. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे एक्स्टेन्शन बंद करा.
४. आज न उचललेल्या कॉलची यादी काढा.
५. ऑफिसचे इंटरनेट बंद आहे असे समजून सगळे कॉल दोन मोबाइलवर वळवा.

पहिल्या कंपनीच्या पडद्यावर इतकी बटणे की निरोपच सापडेना. दुसऱ्या कंपनीत तीन कामे जमली, उरलेल्या दोनसाठी त्यांना फोन करावा लागला. तिसरीत भाभींनी पाचही कामे अर्ध्या तासात उरकली आणि म्हणाल्या, "हे मी रोज करू शकते." ती सर्वांत स्वस्त नव्हती आणि तिच्यात सोयीही कमीच होत्या. आम्ही तीच घेतली. कारण ज्याला फोन सांभाळायचा त्यालाच तो कळला पाहिजे.

पैशांचा हिशेब

दर विचारताना नुसता 'महिन्याला किती' विचारू नका. माणशी भाडे, नंबरचे भाडे, एकाच वेळी किती कॉल, बाहेर जाणाऱ्या कॉलचा दर, रेकॉर्डिंग साठवायचे पैसे आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, असे वेगवेगळे लिहून घ्या. शक्य असेल तर पहिले सहा महिने दरमहा पैसे भरा, वर्षाचे एकदम देऊ नका. टेबलावरचे आयपी फोनही सगळ्यांसाठी घ्यायची गरज नाही. आम्ही अब्बांसाठी एक घेतला, कारण त्यांना रिसीव्हर हातात लागतो. बाकीचे ॲपवर बोलतात.

आणखी एक. ज्यांचे ग्राहक आखातात आहेत त्यांनी फक्त १८०० चा टोल-फ्री नंबर घेऊन थांबू नये, तो परदेशातून सहसा लागत नाही. तिकडून व्हॉट्सॲप कॉलचाही भरवसा धरू नये, संयुक्त अरब अमिरातीत तो चालत नाही. साधा एसटीडी कोडचा नंबर असलेला बरा.

बसवताना आणि नंतर

राउटर आणि फायबरची पेटी छोट्या यूपीएसवर ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो. टेबलावरचा फोन वायफायऐवजी तारेने जोडा. आपला आवाज जातो पण पलीकडचा येत नाही, असे झाले तर राउटरमधली 'एसआयपी एएलजी' नावाची सोय बंद करायला सांगा, पुष्कळदा तेवढ्यानेच सुटते. पासवर्ड सोपा ठेवू नका. परदेशी कॉलची गरज नसेल तर ते बंदच ठेवा. चोर रात्रीत तुमच्या खात्यावरून परदेशी कॉल करून मोठे बिल लावू शकतात. ११२ सारख्या तातडीच्या कॉलसाठी एक साधा मोबाइल ऑफिसात चार्ज करून ठेवा.

'परदेशातून येणारे कॉल तुमच्याकडच्या सिमवर उतरवू, महिन्याला भाडे देऊ' असे सांगत कुणी डबा ठेवायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. परवान्याशिवाय असे एक्स्चेंज चालवणे गुन्हा आहे आणि पोलीस आल्यावर डबा तुमच्याच ऑफिसात सापडतो.

कॉल रेकॉर्ड करत असाल तर समोरच्याला आधी सांगा. लोक पासपोर्टचा नंबर, घरातल्या अडचणी, कर्जाच्या गोष्टी बोलतात. ती अमानत आहे. आमच्याकडे रेकॉर्डिंग फक्त अब्बा आणि भाभी ऐकू शकतात आणि ती तीस दिवसांनी पुसली जाते.

आज

आज भाभी दुपारनंतर घरून काम करतात. ग्राहकाला ऑफिसचाच नंबर दिसतो. संध्याकाळी सातला त्या ॲप बंद करतात, मग फोन आम्हा भावांकडे वळतो. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर आता फक्त आपल्या माणसांचे फोन येतात. आणि दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मुद्दाम ऑफिसचे इंटरनेट बंद करून बाहेरून फोन लावतो. तिसऱ्या रिंगला घरी कुणीतरी उचलले की तेवढ्यापुरती पावसाळ्याची तयारी झाली.

तुमच्या ऑफिसच्या नंबरवर आज बाहेरून एक फोन लावून पाहा. कोण उचलते, किती वेळाने उचलते आणि तो नंबर कुणाच्या नावावर आहे, एवढे तपासले तरी निम्मे काम होईल.