उसाचा ट्रॅक्टर आणि तोडलेला दुभाजक

भिगवणच्या पुढे, पुणे-सोलापूर महामार्गावर संध्याकाळचे सहा वाजत आले आहेत. कारखान्यांचा गाळप हंगाम भरात आहे. गावाकडून येणारा रस्ता महामार्गाला मिळतो तिथे दुभाजक तोडलेला आहे. सिग्नल नाही, फलक नाही, दिवा नाही. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे दगड उखडून बाजूला पडलेत आणि मधल्या मातीत चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्यात.

दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर कडेला येऊन थांबतो. त्याला पलीकडे जाऊन पुण्याच्या बाजूला वळायचे आहे. एक पोरगा खाली उडी मारतो, गळ्यातला टॉवेल हातात घेतो आणि सोलापूरकडे निघालेल्या गाड्यांना थांबवायला भर रस्त्यात उभा राहतो. ट्रक ब्रेक मारतो, मागची कार कचकन थांबते. ट्रॅक्टर पुढे सरकतो. पण पलीकडून एकामागून एक गाड्या येत आहेत, म्हणून त्याला मध्येच थांबावे लागते. दुभाजकाच्या त्या फटीत मोटारसायकल मावते, ट्रॅक्टर मावत नाही. तोंड फटीत आणि भरलेल्या ट्रॉल्या मागच्या दोन्ही लेनवर आडव्या! ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आहेत. येणाऱ्या गाड्यांकडे मात्र तिची बाजू आहे आणि तिथे काहीच नाही.

जवळजवळ वीस सेकंद हे असेच चालते. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. वीस सेकंदांत सव्वाचारशे मीटरहून जास्त. डिपरच्या उजेडात चालकाला शंभर मीटरही धड दिसत नाही.

ट्रॅक्टर जातो. मागोमाग दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येते. पुढच्या अंडरपासने का जात नाही, असे विचारल्यावर दूधवाला म्हणतो, “जाऊन-येऊन चार किलोमीटर पडतंय दादा. रोज दोन खेपा. पेट्रोल कोण देणार?” त्याचे म्हणणे खोटे नाही. टपरीवाला सांगतो, हा कट आधी एकदा बुजवला होता. आठवडाभरात कुणीतरी रात्री जेसीबी लावून पुन्हा उघडला. बुजवला होता तेव्हा लोक राँग साइडने यायचे. धोका तोच, फक्त समोरासमोरचा.

शेजारी एका ढाब्याने मुरूम टाकून स्वतःचा रस्ता थेट महामार्गाला जोडला आहे. तिथून एक कार निघते आणि मागे न पाहता लेनमध्ये घुसते. राष्ट्रीय महामार्गाला असा रस्ता जोडायला परवानगी लागते. त्यासाठी 2002 चा स्वतंत्र कायदा आहे. तरीही अशी तोंडे फुटतच राहतात आणि प्रत्येक तोंडापाशी कुणीतरी ब्रेक मारतो, कुणीतरी वळतो.

वाहतूक अभियंते मोजून सांगतात की साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात. दुभाजक अखंड ठेवून फक्त डावीकडून आत-बाहेर जाऊ दिले, तर अशा जागा मोजक्याच उरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच तत्त्वावर बांधला. तिथे ठरलेल्या इंटरचेंजशिवाय चढता-उतरता येत नाही. पण इथे महामार्ग गावाच्या शेतांमधून जातो, ऊस एका बाजूला आणि कारखाना दुसऱ्या बाजूला. नुसते दगड टाकून हा प्रश्न सुटणार नाही.

आधी सर्व्हिस रोड पूर्ण करा, तो अंडरपासपर्यंत नीट न्या, ट्रॉलीसाठी वळायला जागा द्या आणि मग कट कायमचा बंद करा. ढाब्यांची आणि पंपांची तोंडेही त्याच सर्व्हिस रोडवर उघडू द्या. गावकऱ्यांनीही तोवर वाट पाहत बसू नये. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावावेत, तोडलेल्या दुभाजकाची तक्रार 1033 वर नोंदवावी आणि ग्रामसभेत सर्व्हिस रोडचा ठराव करावा. चार किलोमीटरचा वळसा कमी करणे सरकारच्या हातात आहे. टॉवेल घेऊन पोराला रस्त्यात उभे न करणे आपल्या हातात आहे.